कोकणातून इस्रायलमध्ये : बेने इस्राएल समाजाचे स्थलांतर आणि दैनंदिन जीवनातील स्थिरावणे (१९४८–१९६४)

प्रास्ताविक

स्थलांतराचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन घटनांना महत्त्व दिले जाते. पहिली, मायदेश सोडण्याची आणि दुसरी, नव्या देशाचे नागरिकत्व मिळण्याची. त्यानंतर जे घडते, म्हणजे ताटात कोणते अन्न येते, हाताला कोणते काम मिळते, मुलामुलींची लग्ने कशी जुळतात आणि घरात कोणती भाषा उरते, त्याची नोंद इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. वास्तविक स्थलांतरिताचे स्थिरावणे याच साध्या गोष्टींवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून इस्रायलमध्ये गेलेल्या मराठी भाषिक बेने इस्राएल समाजाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. या समाजाला नागरिकत्व जवळजवळ विनासायास मिळाले. परंतु नित्याच्या जीवनातील बरोबरी मिळविण्यासाठी त्याला सुमारे दीड दशक झगडावे लागले. प्रस्तुत लेखात अन्न, काम, विवाह आणि सण या चार अंगांनी या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज प्राचीन काळी जहाज फुटल्यामुळे अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले आणि त्या अपघातातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या घटनेचा काळ निश्चित करणारा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. मात्र कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गावोगावी विखुरलेला हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, किहीमकर ही आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात. शमुएलचा सामाजी, अब्राहामचा आबाजी आणि इसहाकचा इसाजी झाला, यावरून या समाजाने कोकणी जीवनाशी साधलेली एकरूपता दिसून येते.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकू लागला. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. लष्कर, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या यांत बेने इस्राएलांनी नोकऱ्या धरल्या. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मजकुरासह मराठी हग्गादा छापला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. ज्यू धर्माचे आचरण आणि मराठी भाषा यांत या समाजाला कधी विसंगती जाणवली नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्थलांतराची कारणे

१४ मे १९४८ रोजी इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. भारतात ज्यूंचा धार्मिक छळ झालेला नव्हता; त्यामुळे बेने इस्राएलांचे स्थलांतर हे छळातून झालेले पलायन नव्हते. धर्मग्रंथांतून ऐकलेल्या भूमीची ओढ, आधी गेलेल्या नातलगांचे बोलावणे आणि ब्रिटिश राजवट संपल्यावर नोकऱ्यांबाबत वाटणारी अनिश्चितता, अशी त्यामागे संमिश्र कारणे होती. 'आपण स्वगृही चाललो आहोत' ही भावना मात्र त्यांत प्रबळ होती. पुढे झालेला अपेक्षाभंग तीव्र ठरला, तो याच भावनेमुळे.

अन्न आणि काम : पहिला अपेक्षाभंग

स्थापनेच्या वेळी इस्रायलमधील ज्यू लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती आणि १९५१ अखेरपर्यंत जवळजवळ तितकेच नवे लोक तेथे दाखल झाले. युरोपातील छळछावण्यांतून वाचलेले, तसेच इराक, येमेन व उत्तर आफ्रिकेतून आलेले, असे सर्व लोक तंबू व पत्र्याच्या झोपड्यांच्या तात्पुरत्या वसाहतींत राहत होते. त्यांना 'माआबारा' म्हणत. अन्नधान्याचे नियंत्रण लागू होते. अशा परिस्थितीत मुंबईच्या चाळीतून आलेल्या आणि कचेरीत लेखणी धरण्याची सवय असलेल्या कारकुनाच्या हाती रस्तेबांधणीचे किंवा शेतीचे अवजार आले. कामाचे वाटप होताना हिब्रू येत नाही ही उणीव ठरली आणि मराठीबरोबर अवगत असलेल्या इंग्रजीचा उपयोग अपेक्षेपेक्षा कमी झाला.

या काळातील तक्रारींमध्ये पावाची तक्रार विशेष प्रसिद्ध आहे. वर्णाने काळे असलेल्या भारतीयांना काळा पाव आणि इतरांना पांढरा पाव दिला जातो, असे आंदोलकांचे म्हणणे होते. टंचाईच्या काळात कोणता पाव कोणाला व का मिळाला, याची शासकीय बाजू वेगळी असू शकेल. तथापि तक्रारीचा आशय पावापुरता मर्यादित नव्हता. ज्या देशात आपण सर्वांसारखेच ज्यू ठरू अशी अपेक्षा होती, तेथे आपली ओळख प्रथम रंगावरून होते, ही वेदना त्या पावातून व्यक्त झाली. कोकणातील शेजाऱ्यांनी ज्यांना शनिवार पाळणारे म्हणून वेगळे मानले, त्यांना इस्रायलमधील शेजारी 'होदी' म्हणजे भारतीय म्हणू लागले. एका भूमीत ज्यू आणि दुसऱ्या भूमीत भारतीय, अशी ही दुहेरी वेगळेपणाची स्थिती होती.

१९५१ च्या अखेरीस काही भारतीय कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यूइश एजन्सीच्या कार्यालयासमोर ठिय्या धरला. पुढे उपोषणेही झाली. मागणी सुधारित सोयींची नव्हती. 'आम्हांला भारतात परत पाठवा' अशी होती. शांततापूर्ण सत्याग्रह आणि उपोषण ही साधने स्वातंत्र्य चळवळ जवळून पाहिलेल्या या लोकांच्या परिचयाची होती. नव्या देशात प्रतिकाराची जी भाषा त्यांनी वापरली, तीही अशा रीतीने भारतातूनच सोबत आली होती. अखेर १९५२ ते १९५४ या काळात एकूण ३३७ व्यक्तींना सहकुटुंब भारतात परत पाठविण्यात आले.

या घटनेचा उत्तरार्धही तितकाच लक्षणीय आहे. परतलेल्यांपैकी बहुतेक जण काही वर्षांनी पुन्हा इस्रायलमध्ये गेले. मुंबईतील सोडलेली जागा, गेलेली नोकरी आणि विखुरलेले नातेसंबंध यांमुळे जुने जीवन आता जसेच्या तसे उरले नव्हते. स्थलांतरिताला परतीचे तिकीट मिळू शकते, परंतु परतीचे घर मिळेलच असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

वसाहतींमधील नवी घडी

पन्नाशीच्या दशकात लोद, रामला, बीरशेबा, अश्दोद तसेच १९५५ मध्ये वसविलेल्या दिमोना या गावांत बेने इस्राएलांची वस्ती स्थिर होत गेली. दिमोनासारखी नवी गावे वाळवंटी प्रदेशात शासनाच्या नियोजनातून उभी राहिली होती. कापडगिरण्या, खनिज उद्योग आणि लोद परिसरातील विमान उद्योग यांत अनेकांना रोजगार मिळाला. मुंबईतील कारकुनाचे रूपांतर कुशल कामगारात झाले. प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही पायरी खालची वाटली, तरी नियमित वेतन आणि सदनिका यांमुळे संसाराला आधार मिळाला.

या वस्त्यांमध्ये नातलग एकमेकांच्या जवळ राहू लागले. शालवा वाइल यांनी लोद येथील बेने इस्राएलांवर केलेल्या आणि १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या संशोधनात या समाजाने आपली वेगळी ओळख टिकवून धरल्याचे दाखविले आहे. नव्या राष्ट्रात सर्व समाज एकजीव होतील, ही तत्कालीन राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेजारी आप्तांचा आधार मिळाल्यामुळेच बेने इस्राएलांना परक्या व्यवस्थेत वावरण्याचे बळ मिळाले.

विवाहाचा प्रश्न आणि १९६४ चा निर्णय

इस्रायलमध्ये ज्यूंच्या विवाह व घटस्फोटाचे अधिकार रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. त्यामुळे धर्मपीठाच्या मताचा परिणाम थेट घरातील लग्नकार्यावर होतो. शतकानुशतके अन्य ज्यूंपासून दूर राहिलेल्या बेने इस्राएलांमध्ये घटस्फोट, विधवेचा दिराशी विवाह आणि आंतरधर्मीय संबंध यांविषयीचे ज्यू धर्मशास्त्रीय नियम पाळले गेले होते काय, अशी शंका काही रब्बींनी उपस्थित केली. कित्येक ठिकाणी बेने इस्राएल वधूवरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार मिळू लागला.

१९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने असे विवाह मान्य केले. परंतु १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार विवाह नोंदविणाऱ्या रब्बीने बेने इस्राएल व्यक्तीच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे ठरले. एका हाताने दिलेली मान्यता दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखी ही स्थिती होती. आजी आणि पणजी यांची लग्ने कोकणातील खेड्यांत झालेली असताना त्यांचे दाखले आणायचे कोठून, हा प्रश्न प्रत्येक उपवर मुलामुलीच्या घरासमोर उभा राहिला. नोकरी, घर आणि लष्करी सेवा यांत नागरिक म्हणून स्वीकारलेल्या तरुणाला लग्नाच्या वेळी मात्र आपले ज्यूपण सिद्ध करावे लागत होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशाच्या विविध भागांतील बेने इस्राएल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये येऊन ठिय्या दिला. पूर्वीची मागणी परत पाठविण्याची होती. या वेळची मागणी याच देशात समानतेने राहू देण्याची होती. बारा-तेरा वर्षांत झालेला हा बदल स्थिरावण्याच्या प्रक्रियेचा सर्वांत ठळक पुरावा मानावा लागेल. ज्याला निघून जायचे असते तो तिकीट मागतो. ज्याला राहायचे असते तो हक्क मागतो. १७ ऑगस्ट १९६४ रोजी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या कारकिर्दीत क्नेसेटचे खास अधिवेशन झाले. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू असून विवाहादी वैयक्तिक बाबींतही त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत, असे त्यात ठरावाद्वारे स्पष्ट करण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आपल्या सूचनांतून बेने इस्राएल हा नामोल्लेख वगळला. शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीची चौकशी करण्याची तरतूद राहिली, परंतु एका संपूर्ण समाजावरील शिक्का पुसला गेला.

सण, स्वयंपाक आणि भाषा

हक्कांचा लढा सार्वजनिक होता; त्याच काळात घराघरांत दुसरी, शांत प्रक्रिया चालू होती. कोकणात या समाजाने ज्यू सणांना मराठी नावे दिली होती. पुरीम म्हणजे 'होळीचा सण', योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण' आणि मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ होणारा उपवास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. इस्रायलमध्ये शाळा, पंचांग आणि सरकारी सुट्ट्या हिब्रू असल्यामुळे ही नावे व्यवहारातून मागे पडणे स्वाभाविक होते.

मलिदा मात्र टिकला. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे तबक मांडून संदेष्टा एलिया, म्हणजेच 'एलियाहू हन्नबी', याच्या नावाने केला जाणारा हा विधी लग्न, नवस, बाळंतपण अशा प्रसंगी होतो. अलिबागजवळील खंडाळा येथे एलिया प्रकट झाला आणि तेथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी या समाजाची श्रद्धा आहे. एलिया हा सर्व ज्यूंना पूज्य आहे. पोहे आणि खोबरे मात्र कोकणचे आहेत. त्यामुळे मलिदा करणारे कुटुंब एकाच तबकातून आपले ज्यूपण आणि आपले कोकणीपण व्यक्त करीत होते. लग्नाआधीच्या मेंदीबाबतही असेच म्हणता येईल. मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंमध्येही मेंदीची प्रथा असल्यामुळे शेजारच्या घराला ती अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

भाषेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पहिली पिढी मराठीत बोलत व लिहीत राहिली. दुसऱ्या पिढीला मराठी समजली, पण शाळेतील आणि लष्करातील हिब्रू तिची व्यवहारभाषा झाली. तिसऱ्या पिढीत देवनागरी वाचणारे कमी झाले. तरीही १९८० च्या दशकात इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघू लागले. स्थलांतरानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर असे नियतकालिक निघावे, यात एक अर्थ आहे. रोजच्या भाकरीची आणि मुलांच्या लग्नाची चिंता मिटल्यावरच मातृभाषेच्या जतनाचा विचार करण्याइतकी उसंत या समाजाला लाभली असावी.

समारोप

बेने इस्राएल समाजाच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नागरिकत्व ही स्थिरावण्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे. कायद्याने दिलेली बरोबरी पाव, पगार आणि लग्न यांच्या कसोटीवर उतरावी लागते. दुसरा असा की, नव्या समाजात मिसळणे आणि जुने सोडणे या एकच गोष्टी नाहीत. मलिदा करणाऱ्यांनीच क्नेसेटकडे दाद मागितली आणि तसे करताना त्यांना आपले कोकणीपण झाकावे लागले नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, जो समाज नव्या देशाशी भांडू लागतो, तो त्या देशाला आपला मानू लागलेला असतो.

आज भारतात या समाजाची संख्या अगदी अल्प उरली आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा नवगाव, पेण, रोहे यांची नावे धारण करणारी बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये कायमची स्थायिक झालेली होती. ती गावे आडनावांतून आणि मलिद्याच्या तबकातून त्यांच्यासोबत गेली आहेत. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे हे पान समुद्रापलीकडे लिहिले गेले असले, तरी ते महाराष्ट्राचेच आहे. म्हणून येथील इतिहास अभ्यासकांनी त्याची अधिक आस्थेने दखल घेणे आवश्यक आहे.