नवख्याची रात्र : बडनेरा ते मुंबई

१

महानगरातील रात्रीच्या करमणुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तीन घटकांकडे जाते : कलावंत, सुधारक आणि कायदा. चौथा घटक जो प्रेक्षक, तो अंधारात बसलेला असतो आणि इतिहासलेखनातही अंधारातच राहतो. त्यातही जो प्रेक्षक पहिल्यानेच अशा ठिकाणी पाऊल टाकतो, त्याची दखल कीर्तनकाराने वा नाटककाराने घेतली असली तरी इतिहासकाराने फारशी घेतलेली नाही. वस्तुतः सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा नवखा प्रेक्षक फार उपयोगाचा आहे. नित्याच्या गिऱ्हाइकास जे संकेत अंगवळणी पडलेले असतात, ते नवख्यास ठाऊक नसतात. कोठे बसावे, केव्हा दाद द्यावी, पैसा हातात द्यावा की थाळीत टाकावा, या प्रत्येक ठिकाणी तो अडखळतो. आणि तो जेथे अडखळतो तेथेच त्या व्यवहाराचे अलिखित नियम दिसू लागतात.

प्रस्तुत विवेचनासाठी अशा नवख्याच्या प्रवासाचा आरंभबिंदू म्हणून बडनेरा हे स्थानक घेतले आहे. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ६६० किलोमीटरवर असलेले हे वऱ्हाडातील जंक्शन. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, तेव्हा बडनेरा त्या मुख्य मार्गावर आले. कापसाची थोर पेठ असलेली अमरावती मात्र सुमारे सहा मैल बाजूला राहिली व पुढे शाखामार्गाने बडनेऱ्यास जोडली गेली. त्यामुळे अमरावतीच्या मनुष्यास मुंबईस जावयाचे तर बडनेऱ्याचा फलाट गाठावा लागे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसास जो भाव आला, त्याने दलाल, अडते आणि सधन शेतकरी यांचा मुंबईशी थेट संबंध जुळविला. कापूस ज्या मार्गाने गेला, त्याच मार्गाने त्याचा मालकही गेला. आणि सौदा आटोपल्यावर हाती पैसा आणि पुढे एक मोकळी रात्र असा प्रसंग त्याच्यावर येऊ लागला.

२

हा मनुष्य कोरा मात्र नव्हता. विदर्भात खडी गंमत हा तमाशाचा स्वतंत्र प्रकार रूढ आहे. नावाप्रमाणे उभ्यानेच सादर होणारा हा खेळ गावच्या मोकळ्या जागेत, डफ-तुणतुण्याच्या साथीवर रंगतो, आणि त्यातील स्त्री म्हणजे ‘नाच्या’ : स्त्रीवेष घेतलेला पुरुष. शृंगाराची भाषा, सूचक हावभाव, उघड थट्टा हे सारे त्यात असते; परंतु नाचणारा कोण, कोणाचा मुलगा, हे पाहणाऱ्यांस ठाऊक असते आणि पाहणारे कोण हे नाचणाऱ्यासही ठाऊक असते. अशा रात्रीत प्रेक्षक अनोळखी असूच शकत नाही. त्याच्या हसण्याची मर्यादा शेजारी बसलेला चुलता ठरवितो.

मुंबईत हे दोन्ही आधार एकदम सुटत. तेथे नाचणारी खरोखरीच स्त्री असे, आणि पाहणाऱ्यास कोणी ओळखत नसे. १८४६ साली ग्रँट रोडवर जे नाटकगृह उभे राहिले, त्याच्या आसपास पुढील अर्धशतकात नाटकगृहांची रांगच तयार झाली. इंग्रजी ‘प्लेहाऊस’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. या नावाचा इतिहास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास बोधप्रद वाटेल. मूळ शब्दाचा अर्थ नाटकाचे घर. परंतु फॉकलंड रोड व कामाठीपुरा यांच्या सान्निध्याने तो शब्द हळूहळू एका विशिष्ट वस्तीचा वाचक झाला, आणि ‘तो पिला हाऊसला जातो’ या वाक्यात नाटकाचा संबंध उरला नाही. इमारतींचा उपयोगही बदलला. नाटकाच्या जागी बोलपट आले. अर्थ मात्र खाली उतरला तो उतरलाच.

या परिसरात आणि पुढे लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणी गिरणगावच्या कामगारांनी तमाशास आश्रय दिला. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) व पवळा यांच्या जोडीने मुंबई गाजविली ती याच प्रेक्षकवर्गाच्या बळावर. घाटावरून व कोकणातून आलेल्या या श्रोत्यांत वऱ्हाडी मनुष्य तोंड उघडताच ओळखू येई. त्याचे ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ हे शब्द त्याचा मुलूख सांगून टाकीत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद झाली आहे. थिएटरच्या दारावरील मनुष्यास ते ज्ञान त्या ग्रंथावाचूनच होते. नवखेपणाची पहिली खूण कपड्यांत नसून बोलीत होती.

३

नवख्याची खरी परीक्षा पैशाच्या प्रसंगी होई. संगीतबारीत अनेक पार्ट्या आळीपाळीने रंगमंचावर येतात. पाळीस ‘बारी’ म्हणतात. श्रोता आवडत्या लावणीची फर्माईश करतो आणि पैसे देतो. या पैशास ‘दौलतजादा’ हा शब्द आहे. ‘दौलत’ आणि ‘ज्यादा’ हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. ‘तुमची संपत्ती वाढो’ असा तो मूळचा दुवा. देणाऱ्यास दिलेला आशीर्वाद कालांतराने देणगीचेच नाव झाला. ज्या शब्दात कलावंतिणीने धनिकास शुभ चिंतावयाचे, त्याच शब्दाने तिच्या पुढ्यात पडलेले नाणे ओळखले जाऊ लागले. व्यवहारावर सौजन्याचे आवरण घालण्याची भाषेची शक्ती येथे स्पष्ट दिसते.

गावाकडच्या गमतीत बक्षीस देणे हा मानाचा भाग होता. देणाऱ्याचे नाव पुकारले जाई आणि ते गावाने ऐकावे हीच त्यात अपेक्षा असे. नवखा हीच समजूत घेऊन मुंबईस येई. परंतु जेथे नाव ऐकणारे कोणी ओळखीचे नाही, तेथे नाव पुकारले जाण्यास काय अर्थ राहतो? उरते ती केवळ रकमेची चढाओढ. शेजारच्या अनोळखी मनुष्याने एक नोट दिली म्हणून आपण दोन द्यावयाच्या, हा मोह नवख्यास अधिक, कारण केव्हा थांबावे हे सांगणारा चुलता येथे नसे. नवख्याच्या उधळपट्टीचे कारण शोधताना केवळ त्याच्या वासनेकडे पाहून भागणार नाही. गावातील मानाची रीत तिच्या मर्यादांवाचून शहरात येऊन पोहोचली, हेही लक्षात घेतले पाहिजे.

४

कायद्याचा प्रवेश या रात्रीत वारंवार झाला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर प्रयोगांस परवानगी मिळू लागली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्यामुळे हे नियम बडनेऱ्यास लागू नव्हते. मलकापूर मागे पडून गाडी खानदेशात शिरली की प्रवाशाचा कायदा बदले.

१९८० नंतरच्या दशकांत मुंबईत ‘डान्स बार’ फोफावले. येथे ढोलकी व गायिका यांची जागा चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणाने घेतली. फर्माईश मात्र राहिली. मोठ्या नोटा मोडून दहा-दहाच्या करून देण्याची सोय तेथेच असे, आणि जमलेल्या रकमेत मालकाचा वाटा ठरलेला असे. दौलतजादा हा शब्द गेला, कृती टिकली. ऑगस्ट २००५ पासून राज्य शासनाने मुंबई पोलीस अधिनियमात ३३अ व ३३ब ही कलमे घालून खाद्यगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नृत्यास मनाई केली. नाट्यगृहे, जिमखाने व तीन किंवा अधिक तारांकित हॉटेले यांना मात्र सूट दिली. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरविली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तेच नृत्य श्रीमंतांपुढे निर्दोष आणि सामान्यांपुढे अनीतिकारक कसे, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. २०१४ साली विधिमंडळाने सूट काढून मनाई सरसकट केली. तिला १५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०१६ साली नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने त्यातील अनेक अटी रद्द झाल्या. परंतु नर्तकीस बक्षिसी देण्यास मुभा आणि तिच्या अंगावर नोटा उधळण्यास मनाई, हा भेद न्यायालयाने मान्य केला.

हा भेद वरवर किरकोळ दिसतो; परंतु दौलतजादाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. देणे आणि उधळणे यांतील अंतर जुन्या श्रोत्यास रिवाजाने कळे. नवख्यास ते सांगावे लागे. रिवाज शिकविणारे मंडळ विस्कटल्यावर ते काम न्यायालयाकडे आले.

५

मराठी साहित्याने व चित्रपटाने नवख्याच्या रात्रीस एकच एक आकार दिलेला दिसतो. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. पहिला प्याला म्हणजेच शेवटाचा आरंभ, हे सूत्र त्या नाटकाने मराठी मनावर कायमचे ठसविले. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटात आदर्श शिक्षक तमाशाच्या फडात शिरतो आणि आपली ओळखच गमावून बसतो. ही कथा मूळची जर्मन : हाइनरिख मान यांची १९०५ सालची कादंबरी व तिच्यावरील १९३० सालचा ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट. जर्मन शहरातील मद्यगृहाच्या जागी मराठी फड घातला तरी कथेस तडा गेला नाही. याचा अर्थ असा की, प्रतिष्ठित पुरुषाचे पहिले पाऊल हेच त्याचे पतन, ही कल्पना एका समाजापुरती नव्हती.

इतिहासकाराने मात्र या आकारापासून सावध राहावयास हवे. बडनेऱ्याहून गेलेल्या मनुष्यांपैकी बहुसंख्य सकाळी शुद्धीवर होते, परतीच्या गाडीत बसले आणि पुढील हंगामात पुन्हा कापूस विकू लागले असले पाहिजेत. व्यापार चालू राहिला हाच त्याचा पुरावा. पतनाची कथा सांगितली जाते, परत येण्याची सांगितली जात नाही. शिवाय या कथांत नवखा सदैव पुरुषच असतो. फडात त्याच रात्री दुसरीही एक नवखी उभी असू शकते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

मराठीत तिच्या पहिल्या रात्रीसाठी ‘चाळ बांधणे’ असा प्रयोग आहे. पायात घुंगरांची चाळ एकदा बांधली की ती मुलगी फडाची झाली. कोल्हाटी समाजातील ‘चिरा’ या विधीने तिच्या पहिल्या आश्रयदात्याचा व्यवहार ठरे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने त्या व्यवहाराची किंमत नर्तकीच्या मुलाच्या दृष्टीने मांडली. ‘चांदनी बार’ (२००१) या हिंदी चित्रपटात बारबालेची कथा तिच्या बाजूने आली. २००५ साली एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या संशोधन विभागाने स्त्रीसंघटनेच्या सहकार्याने डान्स बारमधील ५०० स्त्रियांची पाहणी केली. नर्तकींविषयी बोलणाऱ्या समाजाने नर्तकींनाच विचारल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

प्रेक्षकाची पहिली रात्र आणि नर्तकीची पहिली रात्र यांची तुलना केली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिल्याच्या रात्रीस सकाळ आहे. त्याचे परतीचे तिकीट बहुधा खिशातच असते, आणि बडनेऱ्यास उतरल्यावर काय सांगावयाचे व काय गाळावयाचे हे तोच ठरवितो. दुसरीच्या रात्रीस भाषेने क्रियापद दिले ते ‘बांधणे’ हे. पहिल्याच्या अनुभवासाठी मराठीत ‘नाद लागणे’, ‘पाय घसरणे’ असे प्रयोग आहेत. त्यांत करणारा कोणीच नाही, सारे आपोआप घडते. नादाचा दोष नादास आणि घसरण्याचा दोष वाटेस! ज्यास निवड होती त्याच्या कृतीतून भाषेने कर्ता वगळला, आणि जिला निवड नव्हती तिच्या पायात बांधण्याचे काम कोणी केले हेही सांगितले नाही. या दोन मौनांचा शोध घेतल्यावाचून महानगरी रात्रीचा इतिहास पूर्ण व्हावयाचा नाही. आणि त्यासाठी लागणारी साधने मुंबईच्या दप्तरांइतकीच वऱ्हाडातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, बडनेऱ्यासारख्या फलाटांवरून गेलेल्या व परतलेल्या पिढ्यांच्या शब्दांत सापडावयाची आहेत.