तरंगेल ती चेटकीण

उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधायचा, डाव्या हाताचा उजव्या पायाच्या. कमरेला दोर, त्याची टोकं दोन बाजूंच्या माणसांच्या हातात. मग बाईला पाण्यात सोडायचं. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण. १६१३ साली इंग्लंडमधल्या बेडफर्डला फाशी गेलेल्या मेरी सटनची अशीच परीक्षा झाली. त्या प्रकरणावरच्या चोपडीत तिचं चित्रही छापलं होतं.

निर्दोष ठरायचं तर बुडून मरायचं, असा विनोद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा. दोर बुडणारीला बाहेर ओढायलाच असे. पण तोच दोर जरा ताणून धरला की कुणीही तरंगेल!

ही युक्ती मुळात चेटकिणींसाठी निघाली नव्हती. इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीच्या ११६६च्या फर्मानात ती चोर, दरोडेखोर आणि खुन्यांसाठी होती. पाद्री पाणी मंत्रून देई. पवित्र पाणी पाप्याला पोटात घेत नाही, ही समजूत. (आपल्या जलदिव्यातही पाण्याखाली टिकेल तो खरा आणि मुदतीआधी वर येईल तो खोटा.) १२१५च्या चर्चच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना या कामातून बाहेर काढलं आणि १२१९ला इंग्लंडच्या न्यायालयांनी हे दिव्य सोडलं.

पुढे १५९७ला स्कॉटलंडचा राजा जेम्सने चेटकावर पुस्तक लिहिलं. बाप्तिस्म्याचं पाणी ज्यांनी झिडकारलं त्यांना पाणीही झिडकारतं, असं त्याचं म्हणणं. मला खरी मेख इथे दिसते. जुन्या दिव्याला पाद्री लागे, मंत्र लागत. जेम्सच्या तर्काला गावचं डबकंही पुरे. सहा वर्षांनी तो इंग्लंडच्या गादीवर बसला.

१६४५ला चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सच्या मोहिमेत जॉन लोज या म्हाताऱ्या पाद्र्यालाच फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्याच्या खंदकात सोडलं, पुढे फाशी दिलं. त्याच उन्हाळ्यात न्यायाधीशांनी ही परीक्षा थांबवायला सांगितलं. चेटकाचा कायदाच १७३६ला रद्द झाला, पण तळी काही रद्द झाली नाहीत.

१७५१च्या एप्रिलमध्ये हर्टफर्डशरच्या आसपासच्या तीन गावांत चक्क दवंडी पिटली गेली: अमक्या दिवशी ट्रिंगला एका पुरुषाला आणि एका बाईला त्यांच्या दुष्कृत्यांबद्दल पाण्यात बुडवणार. ते दोघे, म्हणजे चेटकाचा संशय असलेली रूथ ऑस्बर्न आणि तिचा नवरा, चर्चमध्ये लपले होते. जमावाने दोघांना ओढून काढलं. धुराडी साफ करणारा थॉमस कॉली काठीने तिला पाण्यात ढोसत राहिला. ती मेल्यावर, खेळ दाखवल्याबद्दल म्हणून त्याने गर्दीत फिरून पैसे गोळा केले.

ऑगस्टमध्ये कॉलीला फाशी दिलं. लोक लांबच उभे राहिले आणि कुरकुरत होते, की एका दुष्ट म्हातारीपायी माणसाला लटकवणं फार झालं.