हेस्टिंग्जचा एक डाव

बुद्धिबळाचा खेळ आपल्याकडून पश्चिमेस गेला, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु तो परत आला तो निराळ्याच नियमांनी बांधलेला, हे सांगावयाचे राहून जाते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरके, आणि विलायती किल्लेकोट तर तीत नव्हताच. अशा पटावर घडलेल्या हातास नवे वळण लावणे सोपे नसते.

पंजाबातील सुलतान खानाने ते लावून घेतले. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने तो १९२९ साली लंडनास गेला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने जिंकले. पुढे १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याची गाठ कापाब्लांकाशी पडली. हा क्यूबन १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेता होता. त्याचा पराभव ही विरळा घटना.

पांढरी मोहरी सुलतान खानाकडे होती. कापाब्लांकाने वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकवून त्या जागी उंट बसविला. या मांडणीस ‘वजिराकडील भारतीय बचाव’ म्हणतात. म्हणजे भारतीयाविरुद्ध भारतीय बचाव, आणि तो खेळणारा क्यूबन! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनविरुद्ध प्यादी जपून सरकवीत व उंट कडेला दडवीत. ‘भारतीय’ हे नाव त्यांच्याच खेळावरून पडले असे मानतात.

पाचव्या खेळीस सुलतान खानाने वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे केले. खेळी दिसावयास किरकोळ. पण काळ्या उंटाची घोड्यास जखडण्याची वाट तिने बंद केली. पुढे काळ्याचे दोन्ही हत्ती शह देत आत घुसले, तेव्हा त्याने वजीर देऊन ते दोन्ही घेतले. किल्लेकोट त्याने केलाच नाही. त्याचा राजा दुसऱ्या ओळीत उघडा उभा. आम्हांस तर येथे जुना देशी पट आठवतो. त्यानंतर चाळीसएक खेळ्या काळ्या वजिराची हळूहळू कोंडी होत गेली, व पासष्टाव्या खेळीनंतर डाव पांढऱ्याचा झाला.

स्पर्धेत पहिला यूवे, दुसरा कापाब्लांका, तिसरा सुलतान खान. १९३२ व १९३३ सालीही तो ब्रिटिश विजेता झाला. मग आश्रयदात्याबरोबर मायदेशी परतला, आणि त्या मोठ्या स्पर्धांस कायमचा मुकला. १९६६ साली तो वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यास सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली.