संगणकावरील जलविघटनाचा इतिहास

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली दाखवले. यात हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो; खरे अडते ते ऑक्सिजनपाशी. त्याचा एक रेणू तयार होण्यासाठी पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन निघावे लागतात. हे काम सुकर करणाऱ्या उत्प्रेरकांत रुथेनियम आणि इरिडियमची ऑक्साइडे अग्रगण्य ठरली. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकून पाणी फोडल्याचे प्रसिद्ध केले. मात्र पृष्ठभागावर अणूंच्या पातळीला काय घडते, हे प्रयोगातून थेट कळणे अवघड होते.

वाट गणिताने काढली. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याचा सिद्धांत होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये मांडला. पुढच्या वर्षी कोन आणि शॅम यांनी तो हिशेबात बसवला. कार आणि पारिनेल्लो यांनी १९८५ मध्ये त्याला अणूंच्या हालचालीची जोड दिली. अशा गणितांना मोठे संगणक लागतात आणि ते भारताला देण्यावर अमेरिकेचे निर्बंध होते. त्यामुळे १९८८ साली पुण्यात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. तिथे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याच सुमारास पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने ट्रान्सप्युटर या समांतर गणनेच्या चिपांवर चालणारी ‘इंडमोल’ ही रेणूंच्या गणिताची आज्ञावली विकसित केली.

ऑक्साइडांवरील जलविघटनाचा निर्णायक हिशेब डेन्मार्कमधील नॉर्स्कोव्ह आणि रॉसमाइस्ल यांच्या गटाने २००७ मध्ये मांडला. ऑक्साइडच्या स्फटिकाचा काही थरांचा तुकडा संगणकात मांडायचा, त्यावरच्या धातूच्या अणूला ओएच, ओ आणि ओओएच हे गट पाळीपाळीने चिकटवायचे आणि दर वेळी ऊर्जा मोजायची. चारही पायऱ्यांची बेरीज ४.९२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते; प्रत्येक पायरी १.२३ ची असती तर उत्प्रेरक आदर्श ठरला असता. पण ओएच आणि ओओएच दोन्ही पृष्ठभागाला ऑक्सिजननेच धरतात, त्यामुळे एकाची पकड घट्ट केली की दुसऱ्याचीही होते. दोघांच्या ऊर्जेतले अंतर आदर्श २.४६ ऐवजी सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट राहते. मधल्या दोन पायऱ्यांत ते समान विभागले तरी प्रत्येकी १.६ येतात, म्हणजे सुमारे ०.३७ व्होल्ट जादा द्यावाच लागतो. हेच नाते अनेक ऑक्साइडांत आढळते, असे २०११ मध्ये दिसून आले.

लोह, कोबाल्ट, निकेल यांच्या स्वस्त ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलतात. तिथे साध्या हिशेबाला ही ढकलाढकली धरणाऱ्या हबर्ड दुरुस्तीची जोड द्यावी लागते. भोवतालचे द्रव पाणी धरले की काम आणखी वाढते. अशा गणितांसाठी यंत्रांची ताकदही वाढत गेली. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ साली परम ब्रह्म हा महासंगणक बसला. अलीकडे इलेक्ट्रॉनांच्या अशाच क्वांटम गणितांवर शिकवलेली यंत्रशिक्षणाची प्रारूपे हजारो अणूंची हालचाल कमी वेळात काढतात. ती कितपत खरी, हे मात्र मूळ क्वांटम हिशेबावर आणि प्रयोगावरच पडताळले जाते.