भीमेच्या काठावरचा एक दिवस

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासावर चार शब्द लिहावेत, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. दरवर्षी १ जानेवारीला पहाटे आपल्या कापूरहोळ फाट्यावरून गाड्या निघतात. कात्रज ओलांडून, पुणे मागे टाकून नगर रस्त्याने त्या भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे जातात. आयाबाया भाकऱ्या बांधून घेतात, पोरं निळे झेंडे घेतात. पण परतताना एखादं पोर विचारतं, "तिथं नेमकं झालं तरी काय होतं?" तेव्हा आपण सांगतो, "पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापलं." पोर गप्प बसतं. पुढं शाळेत किंवा चावडीवर कोणी उलट प्रश्न केला की मात्र त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून त्या दिवशी काय घडलं ते जसंच्या तसं सांगावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८१७ साल संपत आले होते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात येरवड्याच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसरा बाजीराव फौजेसह बाहेर पडला. तो पुढे आणि जनरल स्मिथची फौज मागे, असा पाठलाग सुरू झाला. डिसेंबरअखेर बाजीराव फिरून पुण्याच्या रोखाने आला. पुण्यात कर्नल बर याच्याकडे फौज थोडी होती. त्याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली.

३१ डिसेंबरला रात्री आठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई सेनेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे ते तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज होते. सगळे मिळून ८३४ माणसे, असा आकडा दिला जातो. थंडीच्या दिवसांत रात्रभर चालून त्यांनी सुमारे ४० किलोमीटर वाट तुडवली. लढायला नव्हे, तर पुण्याला पोचायला ही माणसे निघाली होती.

सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेच्या अलीकडच्या उंचवट्यावर आली आणि समोर पाहते तो काय, पलीकडे पेशव्यांची सगळी फौज पसरलेली! कंपनीच्या कागदांत २० हजार घोडेस्वार आणि ८ हजार पायदळ असा तिचा आकडा येतो. पुढची वाट बंद. मागे फिरावे तर उघड्या माळावर घोडदळ पाठ धरणार. रात्रभर चाललेली माणसे घोड्यापुढे किती पळणार? स्टाँटनने एकच केले. जवळच्या कोरेगावात शिरला आणि घरांचा, भिंतींचा आसरा घेतला. पुण्याच्या मदतीला निघालेली तुकडी स्वतःच गावात कोंडली गेली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. माळावर घोडेस्वार राजा असतो. गावाच्या बोळात तोच घोडा अडचण होतो. म्हणून पेशव्यांचे हजारो स्वार त्या दिवशी गावाभोवती उभेच राहिले. आत शिरले ते पायदळाचे लोक. सुमारे सहाशे-सहाशेच्या तीन तुकड्या, त्यांत अरब होते, गोसावी होते. म्हणजे २८ हजार हा आकडा फौजेचा आहे, लढणाऱ्यांचा नव्हे. प्रत्यक्ष हल्ला करणारे दोन हजारांच्या आसपास धरले जातात. हे सांगितल्याने शिपायांचे शौर्य कमी होते का? मुळीच नाही. बाहेर हजारोंचा वेढा आणि आत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताज्या दमाची माणसे, अशा कोंडीत थकलेल्या शिपायांनी दिवस काढला.

लढाई बोळाबोळांतून, घराघरांतून झाली. गावातली एक मोक्याची गढी अरबांनी बळकावली, तिथून गोळ्या येऊ लागल्या. नदी डोळ्यांसमोर वाहत होती, पण तिच्यापर्यंत जाता येत नव्हते. आदल्या रात्रीपासून चाललेली, सकाळपासून लढणारी माणसे पाण्यासाठी तडफडली. पोटात अन्न नाही, घशाला पाणी नाही, डोळ्याला झोप नाही.

एक तोफ अरबांनी हिसकावली. तिच्याजवळ तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचे शीर कापले गेले. काही गोलंदाजांच्या तोंडून शरण जाण्याची भाषा निघाली. तेव्हा जखमी लेफ्टनंट पॅटिन्सन उठला, शिपायांना घेऊन तुटून पडला आणि तोफ परत मिळवली. पुढे तो त्या जखमांनीच गेला. शरण गेलो तर आपली काय गत होईल, हे स्टाँटनने चिझमचे धड दाखवून सांगितले. त्यानंतर शरणागतीची भाषा बंद झाली. डॉक्टर विंगेटही मारला गेला. २४ गोलंदाजांपैकी १२ ठार आणि ८ जखमी झाले. म्हणजे धड राहिले ते चारच.

अंधार पडला तसा मारा कमी झाला आणि शिपायांना पाणी मिळाले. रात्री नऊच्या सुमारास लढाई थांबली. मागून जनरल स्मिथ येतो आहे ही धास्ती पेशव्यांच्या छावणीत होती, म्हणून त्यांची फौज निघून गेली. स्टाँटनही पुण्याला न जाता आपले जखमी घेऊन शिरूरला परतला. त्याची सुमारे २७५ माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली होती. पेशव्यांकडची पाच-सहाशे माणसे पडली असे म्हणतात. पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि जून महिन्यात बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. म्हणजे एकट्या कोरेगावने पेशवाई बुडवली असेही नाही. कोरेगावला शिपाई हटले नाहीत आणि ती फौज पुण्यावर चालून गेली नाही, एवढे मात्र निश्चित.

कंपनी सरकारने १८२१ साली तिथे स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर पडलेल्यांची ४९ नावे कोरली. त्यांतली २२ नावे 'नाक' शब्दाने संपतात. नाक म्हणजे आपल्या पूर्वजांच्या नावापुढे लागणारी खूण. बाकीची नावे मराठा, रजपूत, मुसलमान आणि इतरांची आहेत. तेव्हा खरे बोलायचे तर तिथे केवळ महारच लढले असे नाही; पण पडलेल्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या माणसांचा आहे, हे दगडावर लिहिलेले आहे. ते कोणाला पुसता येणार नाही. मग आपण फुगवून कशाला सांगायचे? एक आकडा खोटा निघाला की समोरचा उरलेले सगळेच खोटे म्हणायला मोकळा होतो.

काहीजण विचारतात, "ते तर इंग्रजांकडून लढले, मग त्यात अभिमान कसला?" प्रश्न रागाने टाळू नये. त्या काळचा शिपाई मग तो मराठा असो, अरब असो की महार, पगारासाठी आणि ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी लढे. पेशव्यांच्या बाजूने लढणारे अरब तर समुद्रापलीकडून आले होते. आणि आपल्या माणसाला स्वदेशी दरबारात काय मिळत होते? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ज्याला रस्त्यावर थुंकण्याची मुभा नाही, त्याच्या हातात पलटणीने बंदूक दिली, अंगावर वर्दी दिली. तो कोणाच्या बाजूला उभा राहील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण इंग्रजही आपले सोयरे नव्हते. ज्यांची नावे दगडावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना १८९० नंतरच्या काळात भरती बंद केली. हे लढाऊ जातीचे नाहीत, असे म्हणून! गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या जवळच्या सासवडला ५१ गावच्या लोकांची सभा घेऊन गाऱ्हाणे मांडले, १९१० साली थेट विलायतेला अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला '१११ महार' पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाजवळ गेले ते काही इंग्रजांचे गुणगान करायला गेले नव्हते. स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. दारे का बंद केली, हा जाब त्यात होता. आणि तुम्ही कोण आहात, ही समाजाला आठवण होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ ला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

हे लिहिताना आपल्या फाट्याचाच विचार मनात येतो. कापूरहोळहून एक वाट पुण्याकडे, कोरेगावकडे जाते आणि दुसरी भोरवरून वरंधा घाटाने खाली महाडला उतरते. एकीकडे १८१८ साली आपले पूर्वज नदी समोर असून दिवसभर पाण्याविना लढले. दुसरीकडे १०९ वर्षांनंतर त्यांच्याच वंशजांना तळे समोर असून पाणी शिवायची बंदी होती. शत्रूने अडवलेले पाणी रात्री मिळाले. आपल्याच देशबांधवांनी अडवलेले पाणी मिळायला शंभर वर्षे पुरली नाहीत. दोन्ही रस्ते आपल्या दारातून जातात. पोरांना नेताना दोन्हीकडे न्यावे.

पुढे १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. आज तिच्यात देशातल्या सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. १९८७ साली भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाजवळ हेलिकॉप्टरने जवान उतरवून वाघांच्या पुढाऱ्यांना पकडण्याचा बेत होता. तो फसला. खाली शत्रू टपून बसला होता. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान तिथे अडकले, त्यांतले २९ कामी आले आणि एकच जिवंत हाती लागला. त्यांच्याबरोबरचे पॅरा कमांडो घराघरांत लढत राहिले, शेवटी रणगाडे जाऊन त्यांची सुटका झाली. कोरेगावानंतर १७० वर्षांनी तीच गत: अनोळखी गल्ल्या, चहूबाजूंनी मारा आणि मदत कधी येईल याचा पत्ता नाही. त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांची तुकडी घेरली गेली. छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी शत्रूची रायफल हिसकावली आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते मुंबईत जन्मलेले.

असो. शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. आपण धम्म स्वीकारलेली माणसे. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने शिलालेखात विजयाची फुशारकी कोरली नाही, मेलेल्यांबद्दलचा पश्चात्ताप कोरला. आपणही स्तंभापुढे हात जोडतो ते माणसे मारली म्हणून नव्हे. त्या दिवशी पेशव्यांकडून पडलेलेही कोणाच्या तरी आईचे लेक होते. आपण हात जोडतो ते एवढ्यासाठी की, ज्यांना माणूस मानले जात नव्हते, त्यांनी सर्वांच्या बरोबरीने उभे राहून दाखवले. २०१८ साली या लढाईला दोनशे वर्षे झाली, त्या वेळी तिथे दंगल झाली, दगडफेक झाली. तसे पुन्हा होऊ नये असे वाटत असेल तर द्वेष नको, आणि फुगवलेले आकडेही नकोत. १ जानेवारीला गाडीत बसण्यापूर्वी घरातल्या लेकराला ही हकिगत एकदा नीट सांगा. तिथे गेल्यावर त्या २२ नावांवरून त्याचा हात फिरवा आणि उरलेली २७ नावेही त्याला वाचायला लावा.

जयभीम!