निखळलेल्या खांद्याचें बळ

मनुष्याच्या मोठ्या सांध्यांत खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाहीं, आणि खांद्याइतका वारंवार निखळणाराहि दुसरा नाहीं. या दोन गोष्टी परस्परांपासून निराळ्या नव्हेत. मांडीचें हाड कमरेच्या खोल वाटींत बसलेलें असतें. दंडाच्या हाडाचें डोकें मात्र उथळ बशीवर ठेवलेल्या लिंबासारखें असतें. बशी उथळ म्हणूनच हात पुढें, मागें, वर, बाजूस असा सर्वत्र फिरतो. आणि बशी उथळ म्हणूनच लिंबू घरंगळतें. त्यास जागेवर धरून ठेवण्याचें काम हाडांकडे फारसें नाहीं. तें सांध्याच्या आवरणाकडे, बंधांकडे आणि मुख्यतः भोंवतालच्या स्नायूंकडे आहे. भारोत्तोलन करणारा मल्ल हात ताठ करून शंभर किलोंचा दांडा डोक्यावर तोलतो, तेव्हां तो सारा भार या बशीवरूनच खालीं उतरत असतो. असा खांदा एकदां निखळला, किंवा त्याचा स्नायुबंध फाटला, म्हणजे पुढें काय करावयाचें? त्यास विश्रांति द्यावयाची, कीं काम द्यावयाचें? या प्रश्नाला निरनिराळ्या काळच्या वैद्यांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

हिपोक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांत सांध्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. त्याचा आरंभच खांद्यापासून होतो. निखळलेला खांदा बसविण्याचे कितीतरी प्रकार त्यांत वर्णिले आहेत: कोणी काखेंत टांच रोवून हात ओढी, कोणी रोग्याची काख आपल्या खांद्यावर घेऊन त्यास लोंबकळत ठेवी, कोणी शिडीच्या पावकीचा उपयोग करी, तर कोणी चक्क मऊ कापड गुंडाळलेलें मुसळ काखेंत घाली. पण खांदा बसविणें ही या ग्रंथकारास मोठी अडचण वाटत नाहीं. त्याची खरी चिंता पुढची आहे. एकदां निखळलेला खांदा पुन्हां पुन्हां निखळतो. या एका व्याधीमुळें अंगानें धडधाकट असलेल्या कितीतरी मल्लांना आखाडा सोडावा लागला, आणि कित्येक शिपाई युद्धांत निरुपयोगी होऊन प्राणास मुकले, असें तो लिहितो. त्यावर त्याचा उपाय भयंकर आहे. काखेच्या कातडीस तापलेल्या लोखंडी सळईनें डाग द्यावयाचा आणि हात बरेच दिवस अंगाशीं बांधून ठेवावयाचा. जखम भरतांना तेथील मांस आकसतें, आणि ज्या पोकळींत हाड घसरतें ती पोकळी अरुंद होते, अशी त्याची उपपत्ति. उपाय अघोरी खरा. परंतु दोष सांध्याच्या सैल पडलेल्या आवरणांत आहे, हें त्यानें ओळखलें होतें. इंग्लंडांतील शस्त्रवैद्य बँकार्ट यानें १९२३ सालीं दाखवून दिलें, कीं अशा खांद्यांत बशीच्या कडेचें कूर्चेचें वलय पुढच्या बाजूस सुटलेलें असतें आणि तें शिवून पुन्हां जागीं बसवितां येतें. मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत जीं माणसें आखाड्यांतून कायमचीं परतलीं, त्यांची मोजदाद कोणी ठेविली नाहीं.

आखाड्यांतील खांद्याची एक हकीकत मात्र स्वतः रोग्यानेंच लिहून ठेविली आहे. तो रोगी म्हणजे प्रसिद्ध वैद्य गॅलन. तरुणपणीं पर्गामम येथें तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. म्हणजे जखमी मल्लांचा अनुभव त्याला भरपूर होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं कुस्तीच्या आखाड्यांत व्यायाम करीत असतां त्याच्याच खांद्यास इजा झाली. तेथील उस्तादास वाटलें, दंडाचें हाड निखळलें. आणि हात ओढण्यास सुरुवात झाली. गॅलननें आपल्या दुसऱ्या हाताचीं बोटें काखेंत घालून चांचपून पाहिलें, तों तेथें हाडाचें डोकें कांहीं लागेना. तेव्हां त्यानें ताडलें, कीं निखळला आहे तो दंडाचा सांधा नव्हे, तर गळपट्टीचें हाड खांद्याच्या माथ्याशीं जेथें मिळतें तो लहान सांधा. निदान बदललें तसा उपचारहि बदलला. घट्ट आवळलेली पट्टी त्यानें चाळीस दिवस सोसली आणि खांदा बरा झाला. आपल्या तालमींतून आजहि "खांदा उतरला" एवढें ऐकतांच हात ओढावयास धांवणारे हितचिंतक भेटतात. त्यांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय मोडलेल्या व निखळलेल्या हाडांविषयीं आहे. खांद्याचा सांधा निखळला असतां मुसळानें काख वर उचलावी, आणि सांधा जागीं बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असें तेथें सांगितलें आहे. मुसळ येथेंहि आहेच! कोणी कोणाकडून घेतलें, या वादांत पडण्याचें कारण नाहीं. मुसळ दोन्ही देशांच्या स्वयंपाकघरांत होतें आणि काख तर सर्वत्र सारखीच असते. मला या अध्यायांत विशेष वाटतो तो त्यांतील काळाचा हिशेब. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाहीं, फार घट्ट बांधली तर सूज व वेदना होतात. थंडीच्या दिवसांत ती सात दिवसांनीं सोडावी, समशीतोष्ण ऋतूंत पांच, उन्हाळ्यांत तीन. तरुण वयांत सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यम वयांत त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयांत तिप्पट. आणि या काळांत जीं पथ्यें सांगितलीं आहेत त्यांत आंबट, खारट आणि ऊन यांच्याबरोबर व्यायामहि वर्ज्य केला आहे.

एवढेंच सांगून सुश्रुत थांबता तर तो विश्रांतिवादी ठरला असता. पण त्याच अध्यायांत तळहाताच्या अस्थिभंगावर लिहितांना तो म्हणतो, कीं हाड जुळल्यावर रोग्यानें मुठींत आधीं मऊ गोळा धरावा, मग त्याहून कठीण व जड वस्तु धरावी, आणि हातांत बळ आल्यावर दगड धरावा. हा उपाय तळहाताचा आहे, खांद्याचा नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु त्यामागील विचार केवळ तळहातापुरता नाहीं. आधीं व्यायाम वर्ज्य, आणि पुढें चढत्या क्रमानें भार: एकाच वैद्यानें एकाच अध्यायांत या दोन्ही आज्ञा दिल्या आहेत, आणि त्यांच्यांत विरोध नाहीं. पहिली आज्ञा हाडासाठीं आहे, दुसरी स्नायूसाठीं.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत पहिल्या आज्ञेचेंच राज्य होतें. लंडनचा शस्त्रवैद्य हिल्टन यानें १८६३ सालीं विश्रांतीच्या उपचारमूल्यावर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें पुढें पिढ्यान्‌पिढ्या वाचलें गेलें. लिव्हरपूलचा ओवेन थॉमस हा तर सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा आचार्यच होता. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण क्षयानें पोखरलेल्या सांध्यांचा तो काळ होता आणि त्या सांध्यांना विश्रांतीनें खरोखरच गुण येई. चूक झाली ती अशी, कीं क्षयी सांध्याचा नियम धडधाकट माणसाच्या दुखावलेल्या सांध्यासहि लागू करण्यांत आला. महिनोन्‌महिने बांधलेला खांदा सुटे तेव्हां दंड वाळलेला असे आणि हात खांद्याच्या वर जात नसे. फ्रान्समध्यें ल्युका-शाँपियोनिएर यानें लवकर हालचाल व मर्दन यांचा पुरस्कार केला. बोस्टनच्या कॉडमननें १९३४ सालीं केवळ खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. रोग्यानें कमरेंतून पुढें वांकून हात लोंबता सोडावा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणें तो हळूहळू झुलवावा, ही त्याची युक्ति आजहि प्रचारांत आहे. परंतु हात हालूं लागणें निराळें आणि हातांत बळ येणें निराळें.

तें बळ परत आणण्याची वाट एका अशा माणसानें दाखविली, कीं जो वैद्यहि होता आणि वजनें उचलणाराहि होता. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत १९१७ सालीं जन्मलेल्या थॉमस डीलॉर्म यास ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर संधिवाताचा ज्वर आला, आणि हृदयास धोका आहे म्हणून श्रम टाळण्याचा सल्ला मिळाला. त्यानें तो सल्ला मोडला आणि घरींच बनविलेलीं वजनें उचलण्यास प्रारंभ केला. त्या काळीं वजनें उचलल्यानें स्नायू आंखडतात व हृदय बिघडतें, असा डॉक्टरांचा व क्रीडाशिक्षकांचाहि सर्वसाधारण समज होता. डीलॉर्मचें शरीरच त्या समजास उत्तर होतें. दुसऱ्या महायुद्धांत तो शिकागो येथील गार्डिनर या लष्करी रुग्णालयांत डॉक्टर म्हणून आला. तेथील खाटा जखमी सैनिकांनीं भरलेल्या होत्या. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेलीं तरणीबांड मुलें हलक्या हालचालींचे कंटाळवाणे व्यायाम करीत महिनेच्या महिने पडून राहत, आणि मांडी तरी बारीकच राही.

डीलॉर्मनें आपल्या आखाड्यांतली रीत रुग्णालयांत आणली. पायाला लोखंडी बूट बांधावयाचा, त्यास मोजून वजनें अडकवावयाचीं, आणि रोग्यास जेमतेम दहा वेळां उचलतां येईल एवढा भार शोधून काढावयाचा. दर आठवड्यास तो भार पुन्हां मोजावयाचा आणि वाढवावयाचा. त्याचा निबंध १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रथम तो दहा दहा उचलींच्या सात ते दहा फेऱ्या घेई. पुढें वॉटकिन्स या सहकाऱ्यासह १९४८ सालीं त्यानें त्या तीनवर आणल्या: पहिली फेरी अर्ध्या भारानें, दुसरी पाऊण भारानें, तिसरी पूर्ण भारानें. आज गल्लोगल्लींच्या व्यायामशाळांतून "दहाचे तीन सेट" म्हणून जें चालतें, त्याचें मूळ जखमी शिपायांच्या खाटांपाशीं आहे, हें तेथील बहुतेकांस ठाऊक नसतें. डीलॉर्मचा पहिला अनुभव गुडघ्याचा. पण ही रीत लवकरच इतर सांध्यांस, आणि अर्थात् खांद्यासहि, लागू झाली.

खांद्याच्या बाबतींत क्रम अधिक जपून पाळावा लागतो. फाटलेला स्नायुबंध शिवल्यावर साधारणपणें चार ते सहा आठवडे हात झोळींत राहतो. मग दुसऱ्याच्या मदतीनें हालचाल, मग स्वतःची हालचाल, आणि खरा भार बहुधा तीन महिन्यांच्या सुमारास. त्यांतहि प्रथम बशीला बिलगून असलेल्या चार लहान स्नायूंची आणि पाठीवरील फऱ्याच्या हाडाची पाळी. डोक्यावर दांडा तोलणें सर्वांत शेवटीं. अधीर मल्लास हें कठीण जातें. छातीचे व दंडाचे मोठे स्नायू लवकर जोर धरतात आणि त्याला वाटतें, आपण पूर्ववत् झालों. ते चार लहान स्नायू मात्र अजून मागेंच असतात. आपल्याकडील मुद्गल व जोडी फिरविण्याचा व्यायाम या दृष्टीनें पुन्हां पाहण्याजोगा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनीं तो हिंदुस्थानांत पाहिला, विलायतेस नेला, आणि १८३४ सालच्या वॉकरच्या व्यायामपुस्तकांत त्याला स्थान मिळालें. हलकी जोडी खांदा सर्व अंगांनीं फिरविते. पण ती हलकी पाहिजे, आणि फिरविणारा घाईंत नसला पाहिजे.

मणिपूरची मीराबाई चानू २०१७ सालीं जगज्जेती झाली आणि पुढच्याच वर्षीं पाठीच्या दुखण्यामुळें तिला आशियाई क्रीडासामने सोडावे लागले. परतल्यावरहि पाठ व खांदा यांची कुरकुर चालूच राहिली, आणि एका झटक्यांत भार डोक्यावर नेण्याच्या स्नॅच या प्रकारांत ती अडूं लागली. २०२० सालच्या अखेरीस ती अमेरिकेस गेली. तेथें पूर्वी स्वतः भारोत्तोलक असलेल्या एका उपचारतज्ज्ञानें तिच्या स्नायूंतील असमतोल शोधला, आणि जो भाग मागें पडला होता त्यास हलक्या, मोजक्या व्यायामांनीं पुन्हां कामास लावलें. एप्रिल २०२१ मध्यें ताश्कंद येथें तिनें क्लीन अँड जर्क या प्रकारांत ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. त्या वेळीं ती ४९ किलोंच्या वजनगटांत खेळत होती. त्याच वर्षीं २४ जुलै रोजीं टोकियो येथें, ज्या स्नॅचमध्यें ती अडत असे त्यांत तिनें ८७ किलोंचा दांडा डोक्यावर स्थिर धरला, आणि एकूण २०२ किलो उचलून भारतास रौप्यपदक मिळवून दिलें.