वावरातल्या कोठ्याची वीज

आज आपण एका साध्या जागेचा इतिहास पाहू: चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वावरातला कोठा. बैल, अवजारं, मोटरीची पेटी, सगळं तिथंच. या कोठ्यात वीज आली कशी?

1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं. 1980 च्या दशकात चंद्रपूरजवळ ऊर्जानगरचं औष्णिक केंद्र सुरू झालं. आज त्याची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. वावरात मात्र वीज पोचली ती मुख्यतः मोटरीसाठी. मोटरीमागून कोठ्यात दिवा लागला. आणि रानडुकरांपासून धान राखायला रात्ररात्र जागल करणाऱ्या माणसानं कुठं कुठं तीच तार कुंपणाला जोडली. त्याची अडचण खरी होती, हे आपण आधी मान्य करू. पण एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ अशाच कुंपणावर मेला. अशा तारेनं माणसंही गेली आहेत. समोर डुक्कर आहे, वाघ आहे की शेजारी, हे तारेला कळत नाही.

मग फ्यूज का उडत नाही? कारण फ्यूज तार वाचवायला असतो, माणूस नव्हे. तो उडायला काही अँपिअर लागतात. माणसाचं हृदय बंद पडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो.

आरसीसीबी वेगळं काम करतं. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली का, एवढंच ते पाहतं. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणार्धात पुरवठा तोडतं. म्हणून कोठ्याला स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. घरातून तार न्यायचीच तर आर्मर्ड केबल, जमिनीखालून. काम परवानाधारक वायरमनकडून. गंमत बघा, अशा आरसीसीबीच्या पुढं उघडी तार कुंपणाला जोडली तर ओल्या गवताला लागताच पुरवठा बंद! म्हणजे जे यंत्र माणसाला वाचवतं, तेच जीवघेणं कुंपण चालू देत नाही. आकडा टाकून थेट लाइनवरून वीज घेतली, तर मात्र हा पहारेकरी तिथं नसतोच.

आणि धानाचं काय? त्याला सौर कुंपण आहे. ते क्षणभराचा झटका देतं, सतत वीज सोडत नाही. जनावर दचकतं, मरत नाही.

वीज वावरापर्यंत नेणं हा इतिहासाचा अर्धा भाग झाला. ती वेळेवर थांबवणं, हा उरलेला अर्धा आपल्याकडे आहे.